बाबांना उभं करणाऱ्या व्यायामाने ताई का आडवी झाली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांना एप्रिल २०२१ मध्ये कोविडचा न्यूमोनिया झाला. १९ दिवस व्हेंटिलेटर, गळ्याला छेद देऊन नळी, आणि घरी आले तेव्हा कूस बदलायलाही दोन माणसं लागायची. फिजिओथेरपी केली, आठ महिन्यांत ते रोज दोन किलोमीटर चालायला लागले, पण जिना चढताना अजून धाप लागते. थोरल्या ताईला, वय ३९, प्राथमिक शाळेत शिक्षिका, मागच्या वर्षी कोविडचा साधा ताप येऊन गेला. दवाखान्यात दाखल करायचीही वेळ आली नाही, तरी तेव्हापासून ती पूर्वीची राहिली नाही. बाबांचा अनुभव समोर होता म्हणून तुम्ही तिलाही तेच व्यायाम लावले, रोज थोडं थोडं वाढवत. तिसऱ्या आठवड्यात ती अशी झोपली की नऊ दिवस उठली नाही. आता घरात बोललं जातंय की हिला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत. तुम्ही विचारता, चुकलं कुठे?

मी मिरजेत बावीस वर्षं छातीच्या आणि आयसीयूतल्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत वॉर्डात होते, आणि त्यानंतर आजपर्यंत असे रुग्ण पाहतेय. तुम्ही केलेली चूक मी स्वतः केलेली आहे, त्याबद्दल पुढे सांगेन. आधी मुद्द्याचं. तुमच्या घरात विषाणू एकच आला, पण त्याने मागे ठेवलेले आजार दोन आहेत. बाबांचं शरीर पडून राहून, औषधांनी आणि उपासमारीने झिजलं होतं. झिजलेलं शरीर श्रमाने भरून येतं. ताईचं शरीर वरून धडधाकट आहे, पण श्रम झाल्यावर त्यातून सावरण्याची त्याची यंत्रणाच बिघडलेली दिसते. तिथे श्रम वाढवले की नुकसान वाढतं. दोघंही "थकवा" हाच शब्द वापरतात, म्हणून घोटाळा होतो. दोन्ही थकवे ओळखायचे तर व्यायाम करताना काय वाटलं यावर जाऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय झालं ते विचारा. बाबांचे पाय दुखले असतील, पण दोन दिवसांनी तेच पाय थोडे जास्त चालले असतील. ताई व्यायामाच्या वेळी बरी होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कोसळली असेल. तुमच्या वर्णनातली ही एकच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

आधी बाबा. त्यांच्या शरीरात काय झालं होतं ते कळलं, तर आता काय करायचं तेही कळेल. आयसीयूत निपचित पडलेल्या माणसाच्या मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या दहा दिवसांत साधारण सहाव्या हिश्श्याइतका झिजतो, हे सोनोग्राफीने मोजून दाखवलेलं आहे. त्यात कोविडचं जळतं शरीर, भूक नाही, नाकातल्या नळीतून जेवण, आणि स्टिरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवून दिलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचा जीव डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने वाचतो. तिथला डोस रोज ६ मिलिग्रॅम, तोही जास्तीत जास्त दहा दिवस. दुसऱ्या लाटेच्या धामधुमीत अनेकांना त्याहून कितीतरी जास्त आणि आठवडेच्या आठवडे दिलं गेलं. स्टिरॉइड मांड्या आणि खांदे पोखरतं. म्हणून हे रुग्ण सपाटीवर चालायला लागले तरी संडासातून उठताना, मोरीतल्या पाटावरून उभं राहताना, कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढताना हरायचे.

एक रुग्ण सांगते. पन्नाशीचे ट्रकचालक, २३ दिवस व्हेंटिलेटरवर. नळी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना पलंगाच्या कडेला बसवायचं ठरलं. एक जण पाठीशी, सिस्टर ऑक्सिजनच्या नळीशी, मी समोर गुडघे टेकून. पाय खाली सोडले तशी पावलं जांभळट झाली. मान सावरेना, हनुवटी छातीला टेकली. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९३ वरून ८६ वर आला. ऑक्सिजन दोन लिटरने वाढवला आणि त्यांना म्हटलं, समोर मेणबत्ती आहे समजा, ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये, अशी लांब फुंकर घाला. ८९. मग ९१. चाळीस सेकंद बसले असतील. लगेच झोपवलं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं, चौथ्या दिवशी खुर्ची. पाचव्या दिवशी पोह्यांचा चमचा हातात दिला तेव्हा लक्षात आलं की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका वळत नाहीत. रोज बारा-सोळा तास पालथं झोपवल्यावर कोपराशी नस दबते, तसं झालं होतं. त्या काळात कुणाचा हात, कुणाचा पाय असा लुळा पडलेला आम्ही बऱ्याचदा पाहिला. त्यांनी मला एकच विचारलं, "मॅडम, स्टिअरिंग धरता येईल का?" त्या दिवसापासून आमचे सगळे व्यायाम त्या एका प्रश्नाभोवती बांधले. टॉवेलची गुंडाळी धरणं, पिळणं, स्टीलचं ताट दोन्ही हातांनी धरून फिरवणं. सात महिन्यांनी त्यांनी छोटा टेम्पो चालवायला घेतला.

हे लांबण लावून सांगितलं, कारण पुनर्वसन म्हणजे यंत्रं आणि जिम नव्हे हे घरच्यांना पटायला वेळ लागतो. माणसाला परत काय करायचंय ते आधी विचारायचं आणि तिथून मागे मागे येत पायऱ्या बांधायच्या. बाबांनाही विचारा. जिना हा त्यांचा प्रश्न आहे की तुमचा? गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचं असेल तर दोन मजले चढायची तयारी करावी लागेल, नुसता देवळापर्यंत जायचं असेल तर वेगळी.

चार वर्षांहून जास्त काळ गेल्यावरही जिन्यावर धाप लागते म्हणजे काही शोधायचं राहिलं असू शकतं. बाबांच्या बाबतीत मी पुढच्या गोष्टी पाहीन, आणि तुम्हीही पाहा. जिना चढून वर गेल्यावर ऑक्सिमीटर लावा आणि बोट तसंच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा. बोटातला आकडा मागाहून पोहोचतो, सगळ्यात खालचा आकडा बहुधा थांबल्यानंतर दिसतो. बसलेले असताना ९७ आणि जिन्यानंतर ९० च्या खाली, किंवा चारपेक्षा जास्त घसरण, असं होत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडून फुप्फुसाची पूर्ण तपासणी करून घ्या. नुसती स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची चाचणी, पुरत नाही, फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी चाचणी हवी, आणि हृदयाची इको. छातीच्या सीटी स्कॅनवरचा जुना एचआरसीटी स्कोअर विसरा. पंचवीसपैकी एकवीस हा आकडा लोकांनी दहावीच्या मार्कांसारखा पाठ करून ठेवलाय, पण तो त्या दिवसाच्या फुप्फुसाचा आकडा होता. बावीस स्कोअरची माणसं डोंगर चढताना पाहिली आहेत आणि आठ स्कोअरची वर्षभर घरात.

दुसरं, श्वास आत घेताना गळ्यातून शिट्टीसारखा किंवा घुर्र आवाज येतो का? ज्यांना बरेच दिवस नळी होती त्यांच्या श्वासनलिकेत त्या जागी व्रण धरून ती आकसू शकते. अशा माणसाला दमा समजून पंप दिले जातात आणि फरक पडत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं की उलगडा होतो.

तिसरं, जांघेत दुखतं का, आणि मांडी घालून बसता येतं का? स्टिरॉइडनंतर खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरू शकतं. मुंबईत २०२१ मध्येच कोविडनंतरचे असे रुग्ण नोंदवले गेले. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये सापडतं. आपल्याकडे त्याची पहिली खूण बहुतेकदा जमिनीवर बसताना कळते, एका बाजूची मांडी पडत नाही. असं असेल तर "दुखलं तरी करा" म्हणून व्यायाम रेटू नका, आधी तपासणी.

हे सगळं ठीक निघालं, तर बाबांचा दम हा बराचसा पायांचा दम आहे असं समजा. कमकुवत मांडी जास्त ऑक्सिजन मागते आणि त्याचा भार छातीवर येतो. आठ महिन्यांत चालणं जमलं म्हणून थांबलात, पण चालण्याने मांड्या पुरेशा बळकट होत नाहीत. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हा त्यांचा मुख्य व्यायाम. खुर्ची नीची वाटली तर उशी घालून उंच करा. आठ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा, दिवसाआड. जमायला लागलं की उशी काढा, मग हातात पाण्याची लिटरची बाटली द्या. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एक पाय चढवून उतरवणं, कठडा धरून. दहापैकी तीन-चार इतका दम लागला पाहिजे, म्हणजे वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठ ते बारा आठवडे नेमाने करायचं. प्रत्यक्ष जिना चढताना, पाय उचलून वर जाताना श्वास सोडायचा, पायरीवर स्थिरावल्यावर घ्यायचा. दम लागेपर्यंत थांबायची वाट पाहायची नाही. दम लागायच्या आधी, दर पाच पायऱ्यांना, थांबायचं. आता उशीर झालाय असं मानू नका. इंग्लंड-वेल्समध्ये रुग्णालयातून घरी जाऊन तीन महिन्यांहून जास्त काळ झालेल्या ५८५ जणांवर झालेली रिगेन चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवडे ऑनलाइन, गटाने, व्यायाम आणि मनाचा आधार असं दोन्ही दिलं होतं. फायदा माफक होता, पण वर्षभराने पाहिलं तरी टिकलेला होता.

व्यायामाला अन्नाची जोड नसेल तर स्नायू बनणार कशातून? झीज भरून काढायची तर वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. दोन भाकऱ्या, पालेभाजी आणि पातळ आमटी यात ते बसत नाही. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे किंवा चिकन, आणि हे तीन-चार वेळांत वाटून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र तुमच्याकडे अजून असेल. त्यात फुंकून गोळ्या उडवणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले. ते श्वास हळू आत ओढून गोळी वर तोलून धरायचं यंत्र आहे. पडून असलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग होता, रोज चालणाऱ्या बाबांना आता त्याची गरज नाही. फुगे फुगवणं कधीच नको. प्राणायाम करत असतील तर संथ अनुलोम-विलोम चांगला, पण दम लागत असताना कपालभाती आणि श्वास रोखून धरणं टाळा.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून विचारते. बाबा त्या १९ दिवसांबद्दल बोलतात का? व्हेंटिलेटरच्या रुग्णांना भास होतात आणि ते भास आठवणी बनून राहतात. एका आजोबांना पक्कं आठवत होतं की पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्यांना बांधून ठेवून पाण्यात बुडवत होती. ती पीपीई किटमधली आम्हीच होतो, आणि ते पाणी म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना होणारी घुसमट. तेव्हा नातेवाइकांना आत येता येत नव्हतं, त्यामुळे तुझ्यासोबत असं झालं नव्हतं हे सांगणारं जवळचं कुणी नव्हतं. आम्ही त्यांच्यासोबत बसून दिवसावार सगळं सांगितलं, कधी ताप होता, कधी हात का बांधला होता, व्हिडिओ कॉलवर नात काय म्हणाली होती. रात्री दचकून उठणं त्यानंतर कमी झालं. तुमच्याकडे तेव्हाचे मेसेज, फोटो असतील तर बाबांची इच्छा असेल तेव्हा एकत्र बसून पाहा. झोप उडत असेल, दवाखान्याचं नाव काढलं की घाम फुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

आता ताई. २०२० च्या सप्टेंबरमध्ये माझ्याकडे एक परिचारिका आली होती. सौम्य कोविड होऊन सहा आठवडे झालेले, ऑक्सिजन ९८, छातीचा एक्स-रे साफ. मी तिला रोज पाचशे पावलं वाढवायला सांगितली. दर आठवड्याला ती आदल्या आठवड्यापेक्षा वाईट होऊन यायची आणि मी दर आठवड्याला सांगायची की थोडा जोर लावावा लागेल, आळसावलेलं शरीर कुरकुर करतंच. पाचव्या आठवड्यात ती आली नाही. फोन केला तर तिच्या नवऱ्याने घेतला. तिला पडदे ओढलेल्या खोलीतून बाहेर येववत नव्हतं, आवाज सहन होत नव्हता. बरीच वर्षं फुप्फुसाचे रुग्ण पाहून माझ्या हाताला एकच वळण पडलं होतं, चालवा आणि वाढवा. ती मला दर वेळी सांगत होती की त्रास त्याच दिवशी होत नाही, दुसऱ्या दिवशी होतो. मी ऐकत होते, पण त्या वाक्याला किंमत देत नव्हते. तिला पुन्हा अर्धी ड्यूटी करता यायला दीड वर्ष लागलं. त्यातला काही काळ माझ्यामुळे गेला, असं मला आजही वाटतं.

या घसरणीला डॉक्टर पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात. श्रम झाल्यावर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी माणूस कोसळतो आणि दिवस, कधी आठवडे, सावरत नाही. अंग दुखतं, घसा धरतो, डोकं जड होतं, शब्द आठवत नाहीत, झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही. श्रम म्हणजे फक्त चालणं नव्हे. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन तास शिकवणं, पालकसभा, पेपर तपासणं, लग्नाच्या मांडवातला गोंगाट, घरातलं भांडण, हेही शरीराच्या खात्यातून वजा होतं. हे मनाचे खेळ नाहीत याचा पुरावा घरात दाखवायचा असेल तर ॲमस्टरडॅमचा अभ्यास सांगा. जानेवारी २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अशी घसरण होणाऱ्या २५ रुग्णांना आणि २१ निरोगी माणसांना सायकल चालवायला लावली, आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. रुग्णांच्या स्नायूत व्यायामानंतर इजा जास्त झालेली दिसली आणि पेशीत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावलेली दिसली. अशाच घसरणीचा जुना आजार, ज्याला एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, त्यासाठी रोज ठरावीक वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असं उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्गदर्शिका बदलून सांगितलं.

पण "लाँग कोविड आहे", म्हणजे कोविडनंतर रेंगाळलेला त्रास आहे, म्हणून बाकीच्या तपासण्या सोडू नका. आपल्याकडच्या चाळिशीच्या बाईचं हिमोग्लोबिन आठ असणं ही रोजची गोष्ट आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, डी जीवनसत्त्व, ईसीजी एवढं करा. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा. कोविडच्या नावाखाली टीबी राहून गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. चालताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, एका पोटरीला सूज, खोकल्यातून रक्त, यांपैकी काही असेल तर थांबू नका, लगेच दवाखाना.

आणि एक घरचीच परीक्षा. ताईला दहा मिनिटं सपाट झोपू द्या, नाडी मोजा, मग भिंतीला टेकून शांत उभं करा, जवळ कुणीतरी हवंच. दोन, पाच आणि दहा मिनिटांनी नाडी मोजा. ऑक्सिमीटरवर दिसते ती चालेल. रक्तदाब फारसा न घसरता नाडी तीसने किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली, डोकं हलकं झालं, पाय लालसर झाले, तर तो आकडा घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. याला पॉट्स म्हणतात आणि कोविडनंतर तो बराच दिसतो. जास्त पाणी, मीठ (रक्तदाब वाढलेला नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच), मांडीपर्यंतचे घट्ट मोजे, गरज पडली तर औषध, याने माणसाला फरक पडतो. चक्कर यायला लागली तर परीक्षा तिथेच थांबवा. अशा रुग्णाला उभ्याने कडक पाण्याचा शॉवर सोसत नाही. स्टुलावर बसून कोमट पाण्याने अंघोळ करू द्या.

ताईचे सगळे व्यायाम आज बंद करा. पुढचे दोन-तीन आठवडे फक्त वही लिहायची. रोज तीन ओळी पुरतात: काय काय केलं, किती वेळ, आणि आज शरीर दहापैकी किती. वही मागे वाचायची असते. बुधवारी तीन लिहिलं असेल तर मंगळवार आणि सोमवार पाहायचे. माझ्या एका रुग्णाच्या वहीत चार आठवडे दर मंगळवारी घसरण होती. रविवार तपासला तर त्या दिवशी आठवड्याचे कपडे धुऊन वाळत घातलेले. हात खांद्याच्या वर नेऊन केलेलं काम शरीराला फार महाग पडतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कपडे वाळत घालणं नवऱ्याने घेतलं आणि मंगळवार सुटला.

वहीवरून अंदाज येईल की घसरण न होता ताई दिवसाला किती करू शकते. त्याच्या पाऊण पटीवर तिने थांबायचं, आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. चांगला दिवस हाच सगळ्यात धोक्याचा असतो. तुंबलेली कामं दिसतात आणि माणूस उरकायला घेतो. मेथी बसून निवडायची, कणीक मळायला दुसऱ्याला द्यायची, भाजी चिरल्यावर पंधरा मिनिटं आडवं व्हायचं. आडवं होणं म्हणजे फोन बघत लोळणं नव्हे, खोलीत अंधार, डोळे मिटलेले, कुणी बोलायचं नाही. थकल्यावर विश्रांती उपयोगाची नाही, थकायच्या आधी घ्यायची. मनगटावरचं घड्याळ असेल तर सकाळी अंथरुणातली नाडी पाहून त्यापेक्षा साधारण पंधरा ठोके वर गेले की थांबायचं, असं काही जण पाळतात. नाडी खालावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशोब लागू पडत नाही. सलग तीन-चार आठवडे घसरण न होता गेले तर झोपल्या झोपल्या पाय वाकवणं, ताणणं, पाच मिनिटांपासून, आणि पुढच्या दोन दिवसांची वही पाहून मगच पुढचं पाऊल. वाढ शरीर ठरवेल, तक्ता ठरवणार नाही. तुम्हाला हे चीड आणणारं हळू वाटेल. तिलाही वाटेल.

शाळेबद्दल तिने स्वतःहून मुख्याध्यापकांशी बोलावं किंवा तुम्ही सोबत जावं. रजेची लढाई सुरू करण्याआधी तीन साध्या मागण्या करा: तळमजल्यावरचा वर्ग, बसून शिकवायची मुभा, आणि मधल्या सुट्टीत पाठ टेकायला एक जागा. फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरांचं पत्र न्या, त्यात "श्रमानंतर लक्षणं वाढतात, म्हणून कामाचे तास मर्यादित ठेवावेत" असं स्पष्ट लिहून घ्या. "विश्रांतीचा सल्ला" एवढंच लिहिलेलं पत्र टेबलाच्या खणात जातं.

किती दिवसांत बरी होईल हे मी सांगू शकत नाही. माझ्याकडचे बरेच रुग्ण वर्ष-दीड वर्षात बऱ्यापैकी सुधारले, काही अजून अर्ध्या ताकदीवर जगतात. घसरणी थांबल्या तेव्हा सुधारणा सुरू झाली, हे मात्र जवळपास सगळ्यांमध्ये पाहिलं. आईंना आणि घरातल्या इतरांना तुम्ही एवढंच विचारा, ताई चाळीस वर्षांच्या उंबऱ्यावर शाळा, घर, स्वयंपाक सगळं सांभाळत होती तेव्हा कुणाला ती आळशी वाटली होती का?

शेवटी तुम्ही विचारलंय की तिला वास अजून नीट येत नाही, कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी लागते. हे उपकारक लक्षण समजा. वाट चुकलेल्या का होईना, पण गंधाच्या नसा जोडल्या जात आहेत असा त्याचा अर्थ बहुधा असतो. चार छोट्या बाटल्यांत लवंग, लिंबाची साल, गुलाबाचं अत्तर आणि निलगिरीचं तेल ठेवा. सकाळी दात घासायच्या आधी आणि रात्री झोपताना, एकेक बाटली वीस सेकंद, हळू हुंगायची, आणि तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवायचं. निदान तीन महिने. लिंबाची साल दर दोन दिवसांनी बदला. तोवर फोडणी देताना तिला स्वयंपाकघराबाहेर बसू द्या, थंड दही-भात बहुधा सोसतो, आणि गॅस चालू राहिला तर वास येणार नाही म्हणून शेगडीची कळ रात्री दुसऱ्या कुणीतरी तपासायची.